विमानतळ ओविकला, नियंत्रक सुंद्सवालला

21 एप्रिल 2015 या दिवशी स्वीडनमधल्या ओर्नशोल्ड्सविक विमानतळावर विमाने नेहमीसारखीच उतरली आणि नेहमीसारखीच उडाली. प्रवाशांना काही वेगळे जाणवण्याचे कारण नव्हते. धावपट्टी तीच, भोवतालचे सूचिपर्णी जंगल तेच, स्टॉकहोमच्या फेऱ्याही त्याच. बदलली होती ती वैमानिकाला उतरण्याची परवानगी देणाऱ्या माणसाची बसायची जागा. तो आता विमानतळावर नव्हताच. सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेला, सुंद्सवालच्या एका खोलीत, पडद्यांच्या अर्धगोल भिंतीसमोर बसून तो ओर्नशोल्ड्सविकची धावपट्टी पाहत होता. जगात कुठल्याही विमानतळाचे नियंत्रण रोजच्या रोज, अधिकृत परवानगीने, दुसऱ्या गावातून होण्याची ती पहिलीच वेळ होती. स्वीडिश परिवहन प्राधिकरणाने त्यासाठीची मंजुरी 31 ऑक्टोबर 2014 रोजी दिली होती. त्यानंतरही प्रत्यक्ष सुरुवात व्हायला सहा महिने गेले.

हा मान एखाद्या राजधानीच्या भव्य विमानतळाला न मिळता या आडगावाला मिळाला, यातच सगळ्या घटनेचे मर्म आहे असे मला वाटते. ओर्नशोल्ड्सविकला तिथले लोक थोडक्यात ओविक म्हणतात. बॉथनियाच्या आखातावरचे हे गाव कागद-लाकडाच्या उद्योगावर आणि आइस हॉकीवर जगते. पीटर फोर्सबर्गसारखा खेळाडू इथलाच. स्टॉकहोम इथून रस्त्याने पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. कारखान्यातल्या यंत्राचा तज्ज्ञ सकाळी येऊन रात्री परत जायचा असेल, तर विमानाला पर्याय नव्हता. पण 2010 मध्ये बॉथनिया किनाऱ्यावरची नवी रेल्वे सुरू झाली आणि तो पर्यायही आला. वर्षाला लाखाच्या आत प्रवासी असलेल्या, नगरपालिकेच्या मालकीच्या विमानतळासाठी ही गोष्ट साधी नव्हती. उत्पन्न कमी होणार होते, खर्च मात्र होता तिथेच राहणार होता.

त्या खर्चातला मोठा वाटा टॉवरचा. दिवसात मोजकी विमाने येवोत की पन्नास, पहिल्या विमानाच्या आधीपासून शेवटच्या विमानानंतरपर्यंत वर काचेच्या खोलीत परवानाधारक नियंत्रक बसलेला असावा लागतो. त्याला जेवायला सोडायला दुसरा लागतो, रजेसाठी तिसरा. सकाळची आणि संध्याकाळची गर्दी सोडली तर मधले तास रिकामे जातात, पण त्या तासांचाही पगार द्यावा लागतो. शिवाय नियंत्रक सहज मिळत नाही. त्याचे प्रशिक्षण लांबलचक, आणि एका विमानतळाचा परवाना दुसरीकडे तसाच्या तसा चालत नाही. दर विमानतळासाठी तिथली धावपट्टी, तिथले डोंगर, तिथला वारा शिकून नव्याने पात्रता मिळवावी लागते. थंड, काळोख्या हिवाळ्याच्या गावात जाऊन राहायला तयार असलेली माणसे मिळवणे हे तर वेगळेच काम.

हे सगळे ज्या काचेच्या खोलीभोवती फिरते, ती खोली मुळात आली कुठून? लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर 1920 मध्ये जगातला पहिला नियंत्रण मनोरा उभा राहिला. साधारण पंधरा फूट उंचीवरची, चारही बाजूंना खिडक्या असलेली ती केबिन होती. अमेरिकेत सेंट लुईसच्या लँबर्ट फील्डवर 1929 मध्ये आर्ची लीग नावाचा माणूस नेमला गेला, तेव्हा त्याच्याकडे केबिनही नव्हती. एका हातगाडीत खुर्ची, मोठी छत्री, वही, पाणी, दुपारचा डबा आणि दोन झेंडे घालून तो धावपट्टीच्या टोकाला जायचा. लाल झेंडा दाखवला की वैमानिकाने थांबायचे, चौकटींचा झेंडा दाखवला की निघायचे. हिवाळ्यात तो जाड कापसाचा वैमानिकी पोशाख घालून तिथेच उभा राहायचा. पुढे रेडिओ आला, दुसऱ्या महायुद्धानंतर रडार आले, आणि आभाळातली बहुतेक वाहतूक अंधाऱ्या खोल्यांतल्या पडद्यांवर गेली. दूरच्या उंचीवरून जाणाऱ्या विमानाचा नियंत्रक ते विमान कधीच डोळ्यांनी पाहत नाही, आणि त्यात कुणाला काही वावगेही वाटत नाही.

विमानतळाचा टॉवर मात्र आर्ची लीगच्या पद्धतीला चिकटून राहिला. धावपट्टी मोकळी आहे का, हे नियंत्रकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. विमानाची चाके खाली आली आहेत का, धावपट्टीवर हरीण शिरले आहे का, बर्फ काढणारी गाडी खरोखर बाजूला झाली आहे का, हे रडार सांगत नाही. म्हणून टॉवर उंच बांधायचा, काचा बाहेरच्या बाजूला कलत्या बसवायच्या म्हणजे आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब आडवे येत नाही, आणि हाताशी दुर्बीण ठेवायची. रेडिओ बंद पडलाच तर विमानाकडे रोखून लाल, हिरवा किंवा पांढरा प्रकाश टाकणारा हातदिवाही हवाच. हा दिवा आर्ची लीगच्या झेंड्यांचा थेट वारस आहे.

या खिडकीऐवजी कॅमेरा चालेल का, हा प्रश्न गंभीरपणे मांडणाऱ्यांत जर्मन अवकाश संशोधन संस्था डीएलआरमधले संशोधक आघाडीवर होते. ब्राउनश्वाइगमध्ये नॉर्बर्ट फ्युर्स्टेनाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 च्या सुमारास आभासी टॉवरची कल्पना मांडली आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्याच विमानतळावर कॅमेरे लावून धावपट्टीचे जिवंत रुंद चित्र उभे केले. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न माणसाच्या डोळ्याचा होता. निरोगी डोळा साधारण एक अंशाचा साठावा भाग एवढा बारीक फरक ओळखतो. त्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्याला ते जमत नसे. कित्येक किलोमीटरवर ठिपक्याएवढे दिसणारे विमान खिडकीतून दिसते तितक्या लवकर पडद्यावर दिसेल का? खोलीचा अंदाज पडद्यावर हरवेल अशीही भीती होती. पण इतक्या अंतरावर दोन डोळ्यांमुळे मिळणारी खोली मुळातच फारशी उपयोगी पडत नाही. नियंत्रक अंतर ओळखतो ते विमानाच्या आकारावरून, वेगावरून आणि ओळखीच्या खुणांवरून. हे ध्यानात घेतले की पडद्याची भीती पुष्कळ कमी होते.

स्वीडनमध्ये हा प्रयोग अधिक व्यवहारी अंगाने झाला. तिथल्या हवाई वाहतूक सेवेचे काम पाहणारी सरकारी संस्था एलएफव्ही आणि लढाऊ विमाने बनवणारी साब या दोघांनी 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात एंगेलहोम विमानतळाचे चित्र माल्मोच्या केंद्रात आणून पाहिले. युरोपीय महासंघाच्या संशोधननिधीचाही त्यात हातभार होता. सुरुवातीला माल्मोतला माणूस फक्त पाहायचा. हुकूम एंगेलहोमच्या टॉवरमधूनच सुटायचे. मला ही पायरी फार मोलाची वाटते. विमानांच्या जगात नव्या यंत्राला जुन्याच्या शेजारी बसून बराच काळ मूकपणे काम करावे लागते, आणि तेव्हाच त्यातल्या उणिवा बाहेर येतात.

याच काळात स्वीडनमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती, आणि तिच्याशिवाय हे प्रकरण प्रयोगशाळेतच राहिले असते. एप्रिल 2010 मध्ये एलएफव्हीचे दोन भाग झाले. राष्ट्रीय महत्त्वाचे विमानतळ स्वेडाविया या नव्या कंपनीकडे गेले आणि एलएफव्हीकडे फक्त वाहतूक नियंत्रण उरले. त्याच वर्षी विमानतळांच्या टॉवरसेवेत खुली स्पर्धा आली. आता छोट्या विमानतळाची नगरपालिका निविदा काढून सेवा निवडू शकत होती, आणि एसीआर नावाच्या खासगी कंपनीने अशी काही कामे पटकावलीही. एलएफव्हीला स्वस्त सेवा देता यायला हवी होती. सुंद्सवालला एकाच छताखाली अनेक गावांचे टॉवर आणले तर माणसे वाटून घेता येतील, रिकामे तास भरतील, हा हिशेब तिथून आला. तंत्रज्ञानाच्या कौतुकात हा भाग अनेकदा गाळला जातो, आणि त्यामुळे ही कहाणी कुण्या हुशार अभियंत्याच्या स्वप्नासारखी वाटू लागते. प्रत्यक्षात तिच्या मुळाशी नगरपालिकेचे अंदाजपत्रक होते.

ओविकला उभारलेली व्यवस्था जवळून पाहण्यासारखी आहे. विमानतळावर सुमारे 24 मीटर उंचीचा खांब, त्याच्या माथ्यावर चौदा हाय डेफिनिशन कॅमेरे गोलाकार बसवलेले. प्रत्येक कॅमेरा आपापला तुकडा टिपतो आणि सगळे तुकडे जोडून 360 अंशांचे सलग चित्र तयार होते. त्यांच्यासोबत फिरवता आणि जवळ आणता येणारे कॅमेरे आहेत. दुर्बिणीचे काम ते करतात. रेडिओ बंद पडल्यावर लागणारा रंगीत दिवाही खांबावरच बसवला आणि त्याची दिशा दुरून फिरवण्याची सोय केली. काचेवर बर्फ, पाऊस आणि किडे बसतात. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात दिव्याभोवती किड्यांचे ढग जमतात, आणि कॅमेऱ्यावर बसलेली एक माशी पडद्यावर विमानाएवढी दिसू शकते. म्हणून काचा साफ ठेवण्यासाठी हवेच्या झोताची योजना करावी लागली.

त्याहून मला आवडलेला तपशील आवाजाचा आहे. खांबावर मायक्रोफोनही आहेत. इंजिनाचा सूर, वाऱ्याचा घोंघाट, पावसाचा मारा हे सगळे सुंद्सवालच्या खोलीतल्या स्पीकरमधून ऐकू येते. टॉवरमध्ये बसणारा माणूस खिडकीकडे पाठ असतानाही कानाने विमानतळ ओळखत असतो, हे ही व्यवस्था रचणाऱ्यांनी नियंत्रकांशी बोलूनच समजून घेतले असणार. नुसत्या चित्रावर काम भागले असते तर हा खटाटोप कुणी केला नसता.

पडद्यावर मग खिडकीत नसलेल्या गोष्टीही आल्या. विमानाच्या चित्राला चिकटून त्याचे सांकेतिक नाव सरकत राहते. रात्री किंवा धुक्यात धावपट्टीच्या कडा रेघांनी आखून दाखवता येतात. हलणारी वस्तू यंत्र आपोआप हेरते आणि तिच्याभोवती चौकट काढते. वाऱ्याची दिशा आणि वेग डोळ्यासमोरच येतात, त्यासाठी मान खाली घालून दुसरे यंत्र पाहावे लागत नाही. कागदाच्या ज्या पट्ट्यांवर नियंत्रक दर विमानाची नोंद ठेवत आले, त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक पट्ट्या आल्या. उणीवही आहे. खिडकीतून डोळा क्षणात उजळ आकाशावरून सावलीतल्या गवतावर जातो. कॅमेऱ्याला क्षितिजावर मावळणारा सूर्य आला की जड जाते. चित्र पोचायला वेळही लागतो. युरोपात यासाठी जी मानके तयार झाली, त्यांत कॅमेऱ्यासमोर घडलेली गोष्ट पडद्यावर यायला एका सेकंदाहून जास्त विलंब चालणार नाही असे बजावले आहे.

नियमांची गाडी मात्र मागून येत होती. जगभरच्या नियंत्रकांना बांधून ठेवणारी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची कार्यपद्धती विमानतळाच्या नियंत्रकाने परिसरावर सतत नजर ठेवावी असे सांगते. ती नजर खिडकीतूनच असते हे वेगळे लिहिण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. ओविक सुरू झाले त्याच वर्षी युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने दूरस्थ सेवेसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. आणि नोव्हेंबर 2018 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने जागतिक कार्यपद्धतीतच स्पष्ट शब्द आले: नजर खिडकीतून थेट ठेवता येईल किंवा दृश्य निगराणीच्या यंत्रणेमार्फत अप्रत्यक्षही. क्रॉयडननंतर जवळजवळ शंभर वर्षांनी टॉवर आणि खिडकी यांची गाठ सुटली.

त्यानंतर घटना भराभर घडल्या. डिसेंबर 2018 मध्ये जर्मनीच्या पश्चिम टोकाला असलेल्या सारब्रुकेन विमानतळाचे नियंत्रण शेकडो किलोमीटर दूरच्या लाइपझिगमधून सुरू झाले. 22 डिसेंबर 2019 रोजी स्वीडन-नॉर्वेच्या सीमेवर, सेलेनच्या बर्फातल्या खेळांसाठी जाणाऱ्या पर्यटकांकरिता नवा विमानतळ उघडला, आणि तिथे टॉवर बांधलाच नाही. पहिल्या दिवसापासून त्याचे नियंत्रण सुंद्सवालहून. 2021 मध्ये लंडन सिटी विमानतळ या वाटेने गेला. तिथे 50 मीटर उंच खांबावर सोळा कॅमेरे, आणि नियंत्रक शंभराहून अधिक किलोमीटर दूर हॅम्पशायरमधल्या स्वानविकला. शहराच्या काळजातल्या विमानतळाने असे केल्यावर 'हे गावठी विमानतळांपुरते' म्हणणाऱ्यांचे तोंड बंद झाले. लंडनमध्ये चित्र आणि आवाज नेण्यासाठी तीन स्वतंत्र केबल वेगवेगळ्या मार्गांनी टाकल्या. एखाद्या रस्त्याच्या खोदकामात फावडे लागून विमानतळ आंधळा होऊ नये, यासाठी.

सगळीकडे असे सुरळीत झाले नाही, हेही नोंदवायला हवे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लीसबर्ग या छोट्या पण खूप वर्दळीच्या विमानतळावर 2015 पासून साबची यंत्रणा वापरून चाचण्या चालल्या. पुढे रोजचे कामही तिच्यावर होऊ लागले. स्थानिक वैमानिकांना ती पसंत होती. पण अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाकडून रीतसर प्रमाणपत्र मिळवण्याच्या प्रक्रियेत पुढे जायचे नाही असे साबने ठरवले, आणि 14 जून 2023 रोजी तिथली सेवा बंद झाली. लीसबर्गला मग चाकांवरचा तात्पुरता टॉवर आणावा लागला. कॅमेऱ्यांवर विसंबलेल्या गावात काचेची खोली आली. यात यंत्राचा दोष होता असे म्हणता येणार नाही. प्रमाणपत्राची वाट लांब आणि खर्चिक असेल तर छोट्या विमानतळासाठी बनवलेली वस्तू छोट्या विमानतळालाच परवडेनाशी होते.

या सगळ्यांत नॉर्वेने उचललेले पाऊल मला सर्वांत धाडसी वाटते, आणि सर्वांत गरजेचेही. नॉर्वेचा किनारा म्हणजे खाड्या, कडे आणि बेटे. 1968 पासून तिथे आखूड धावपट्ट्यांच्या विमानतळांचे जाळे विणले गेले. त्यांतल्या कित्येक धावपट्ट्या किलोमीटरभराच्याही आत संपतात. लोफोटेन द्वीपसमूहाच्या टोकाला रोस्ट नावाचे बेट आहे, वस्ती पाचशेच्या आसपास. 1432 मध्ये व्हेनिसच्या पिएत्रो क्वेरिनीच्या फुटलेल्या जहाजातले वाचलेले खलाशी इथल्याच कोळ्यांनी सांभाळले होते, आणि वाळवलेल्या कॉड माशाची त्यांनी इटलीला नेलेली ओळख आजतागायत टिकून आहे. 19 ऑक्टोबर 2019 रोजी या रोस्टच्या विमानतळाची सेवा समुद्रापलीकडच्या बोदो शहरातून सुरू झाली. पाठोपाठ उत्तरेच्या टोकाचे वार्दो, हास्विक, बेर्लेवोग आले. नॉर्वेचे विमानतळ चालवणाऱ्या अविनॉर कंपनीने कोंग्सबर्ग या कंपनीशी 2015 मध्ये जो करार केला, तो एकदम पंधरा विमानतळांचा होता.

रोस्टसारख्या ठिकाणी जो माणूस माइकवर असतो, तो वैमानिकाला हुकूम देत नाही. तो माहिती देतो: धावपट्टी मोकळी आहे, वारा अमुक दिशेने इतका, दुसरे विमान तमुक ठिकाणी. निर्णय वैमानिकाचा. ऐकायला हे हलके काम वाटेल. पण शेजारच्याच वेरोय बेटावर 12 एप्रिल 1990 रोजी सोसाट्याच्या वाऱ्यात उड्डाण केलेले ट्विन ऑटर विमान शेपटीला तडे जाऊन समुद्रात कोसळले, आतले पाचही जण गेले आणि तो विमानतळ पुढे कायमचा बंद झाला. आज तिथे फक्त हेलिकॉप्टर जाते. या किनाऱ्यावर वाऱ्याचा आकडा वेळेवर आणि बरोबर सांगणे हे कुणाच्या तरी जिवाशी निगडित काम आहे.

बोदोच्या केंद्रामागचा खरा हेतू आहे तो एका माणसाने एकाहून अधिक विमानतळ सांभाळण्याचा. रोस्टचे विमान गेले की हास्विकचे पाहायचे. आणि अवेळी ॲम्ब्युलन्स विमानाची हाक आली तर बेटावरच्या कुणाला झोपेतून उठवून टॉवरवर चढवण्याऐवजी केंद्रातल्या जाग्या माणसानेच तिथला पडदा उघडायचा. बर्फ काढणारे आणि आगीच्या बंबावरचे लोक तरीही बेटावर लागतातच. ते काम कॅमेऱ्याला जमत नाही. बेटावरच्या माणसाच्या दृष्टीने इथे मोठा लाभ आहे. उघडण्याचे तास वाढणे म्हणजे हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला रात्रीसुद्धा बोदोच्या रुग्णालयात पोचवता येणे.

पण दोन बेटांवर एकाच वेळी दोन विमाने आली तर? युरोपच्या सुरक्षा संस्थेने 2019 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत एका माणसाकडे अनेक विमानतळ देण्याचा विचार केला आहे, आणि अशा वेळी एका विमानाला थांबवण्याची किंवा एक विमानतळ दुसऱ्या नियंत्रकाकडे सोपवण्याची सोय आधीच असली पाहिजे हे उघड आहे. कागदावर वेळापत्रक असे आखता येते की दोन विमाने कधी एकत्र येऊच नयेत. लोफोटेनचा हिवाळा ते वेळापत्रक पाळत नाही. एक विमान धुक्यामुळे अर्धा तास घिरट्या घालते, दुसरे लवकर निघते, आणि दोन्ही एकाच माणसाच्या पडद्यावर येतात. म्हणून माझे म्हणणे असे की एका माणसाकडे किती बेटे द्यायची हा आकडा फेऱ्यांच्या संख्येवरून काढू नये. त्या दिवशीच्या वाऱ्यावरून आणि दृश्यतेवरून तो रोज ठरवावा, आणि तो कमी करण्याचा अधिकार पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्याच हाती असावा.